फी झेपेना म्हणून डिग्रीच्या मध्येच युनिव्हर्सिटी बदलायची असेल तर: काय, कधी आणि कुठल्या क्रमाने

मी फर्स्ट इयर बीएस्सी पुण्याजवळच्या एका खासगी युनिव्हर्सिटीत केलं. फी, होस्टेल, मेस सगळं धरून घरच्या वर्षाच्या कमाईतला निम्म्याहून जास्त पैसा तिकडेच जायचा. बाबांनी पहिल्या वर्षी आईचं सोनं गहाण ठेवून भरले, आणि दुसऱ्या वर्षाचा विषय निघाला की घरात सगळे गप्प. शेवटी सेकंड इयरला मी आमच्या जिल्ह्यातल्या एका अनुदानित कॉलेजात आले, डिग्री वेळेत झाली, पण मधे दोन चुका अशा केल्या की एक वर्ष जाता जाता वाचलं. मागच्या वर्षी माझ्या मावसभावाचंही असंच करायचं होतं, तेव्हा त्याच्यासोबत परत सगळे कागद फिरवले, आणि तेव्हा कळलं की आता नियम बरेच बदललेत, पण मुलं चुका त्याच करतायत. म्हणून हे सविस्तर लिहितेय. महाराष्ट्रातल्या बीए, बीकॉम, बीएस्सीवाल्यांना धरून लिहिलंय, इंजिनीअरिंग वगैरेचं वेगळं जिथे आहे तिथे सांगेन.

एक गोष्ट मात्र आत्ताच सांगते, बाकीचं नाही वाचलं तरी चालेल: नवीन ठिकाणाहून "तुमचं पहिलं वर्ष आम्ही धरतो, सेकंड इयरला घेतो" असं लेखी हातात येईपर्यंत जुन्या कॉलेजातून टीसी काढू नका.

महाग नक्की काय पडतंय ते आधी बघा

आपण सरळ म्हणतो "फी झेपत नाही". पण एक दिवस बसून वहीत लिहा, की ट्यूशन फी किती, होस्टेल किंवा रूमचं भाडं किती, मेस किती, येण्याजाण्याचं किती. माझ्या मावसभावाच्या बाबतीत कॉलेजची फी तशी परवडणारी होती, पैसा जात होता तो खोली आणि डब्यावर! मग अशा वेळी युनिव्हर्सिटी बदलून काय होणार, नवीन शहरात परत खोलीच घ्यावी लागणार.

राहण्याचा खर्च हाच मुख्य त्रास असेल तर आधी हे दरवाजे वाजवून बघा. समाजकल्याणची शासकीय वसतिगृहं आहेत. तिथे नंबर लागला नाही तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम योजना, ओबीसी वगैरेंसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, यात राहण्या-जेवण्याचे पैसे खात्यात येतात. मजुराच्या किंवा अल्पभूधारक शेतकऱ्याच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. पुण्यात असाल तर विद्यार्थी साहाय्यक समितीसारखी जुनी संस्था आहे, १९५५ पासून खेड्यातल्या गरजू मुलामुलींच्या राहण्या-जेवण्याची सोय बघतेय. आणि बऱ्याच कॉलेजात "कमवा आणि शिका" चालू असतं, लायब्ररीत, ऑफिसात, बागेत काही तास काम करायचं आणि महिन्याला थोडे पैसे. याने सगळी फी निघत नाही, पण मेसचा बराच भाग निघतो, आणि ते काम करण्यात लाजण्यासारखं काहीच नाही.

आत्ताच्या कॉलेजशीही एकदा बोला. प्राचार्यांना किंवा डीनना लेखी अर्ज द्या की हप्ते पाडून द्या, आणि कॉलेजकडे गरजू विद्यार्थ्यांसाठी काही निधी आहे का तेही विचारा. मी हे केलंच नव्हतं, लाज वाटत होती. खासगी युनिव्हर्सिटीतही मेरिटवर सवलत असते, फक्त ती मागावी लागते.

हे सगळं करूनही आकडा जुळत नसेल तर मग बदलायचा विचार करा, आणि घरी आधी सांगा. बाबांना न सांगता परस्पर कागद काढायला गेलात तर पुढे पालकांची सही लागते तेव्हा जास्त वाईट वाटतं त्यांना. माझे बाबा "लोक काय म्हणतील, पोरगी परत आली" यावर आठ दिवस अडून बसले होते. हिशोबाची वही दाखवली तेव्हा काही बोलले नाहीत, फक्त चष्मा काढून ठेवला.

हिशोब वर्षाचा नको, डिग्री हातात येईपर्यंतचा करा

इथे सगळ्यात जास्त मुलं फसतात. नवीन कॉलेजची वार्षिक फी बघतात, जुन्या फीतून वजा करतात आणि खूश होतात. खरा प्रश्न असा असतो की डिग्री मिळेपर्यंत अजून एकूण किती भरायचेत आणि एखादं वर्ष परत करावं लागतंय का.

उदाहरण घेऊ, आकडे समजायला धरलेले आहेत, तुमचे तुम्ही टाका. समजा आत्ता फी १,६०,००० आणि राहणं-खाणं ९०,०००, म्हणजे वर्षाला अडीच लाख, उरलेली २ वर्षं म्हणजे ५ लाख.

पर्याय एक, गावाजवळचं अनुदानित कॉलेज, फी १२,००० आणि एसटीचा पास वगैरे १०,०००. २ वर्षांचे ४४,०००, आणि समजा पहिलं वर्ष परत करायला लावलं तर ३ वर्षांचे ६६,०००. वर्ष गेलं तरी पैशाने खूपच फायदा.

पर्याय दोन, त्याच शहरात राहून दुसरं स्वस्त कॉलेज, फी ४०,००० पण राहणं-खाणं तेवढंच ९०,०००. २ वर्षांचे २,६०,०००, छान वाटतं. पण वर्ष परत करावं लागलं तर ३,९०,०००, म्हणजे वाचले फक्त १,१०,०००. आणि एक वर्ष उशिरा नोकरीला लागणार, महिन्याला १५,००० ची नोकरी धरली तरी १,८०,००० हातचे गेले. म्हणजे बदलून उलटा ७०,००० चा तोटा! वर परत डिपॉझिट, पुस्तकं, नवीन कागदपत्रांची फी, ते वेगळंच.

म्हणून दोन रकाने करा, "वर्ष वाचलं तर" आणि "वर्ष गेलं तर". दुसऱ्या रकान्यातही फायदा दिसत असेल तर बिनधास्त निघा. फक्त पहिल्याच रकान्यात दिसत असेल तर तुमचं सगळं क्रेडिट्सवर (पास झालेल्या पेपरांसाठी खात्यात जमा होणाऱ्या गुणांकांवर) अवलंबून आहे, आणि ते पक्कं झाल्याशिवाय हलू नका.

जायचं कुठे

सगळ्यात सोपं म्हणजे त्याच युनिव्हर्सिटीतलं दुसरं कॉलेज. समजा तुम्ही सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या एखाद्या महागड्या विनाअनुदानित कॉलेजात आहात, तर त्याच विद्यापीठाचं अहिल्यानगर किंवा नाशिक जिल्ह्यातलं अनुदानित कॉलेज बघा. सिलॅबस तोच, पीआरएन (विद्यापीठातला तुमचा कायमचा नोंदणी नंबर) शक्यतो तोच राहतो, मायग्रेशन (विद्यापीठ बदलताना लागणारं सर्टिफिकेट) लागत नाही, जुन्या कॉलेजची एनओसी (ना हरकत पत्र) आणि नवीन कॉलेजची एनओसी घेऊन विद्यापीठाची परवानगी घ्यायची. एकाच कॉलेजात एकाच कोर्सच्या अनुदानित आणि विनाअनुदानित अशा दोन तुकड्या असू शकतात हे पण लक्षात ठेवा, फीमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो, तर तुम्हाला कुठल्या तुकडीत जागा देतायत ते विचारून घ्या. आणि कॉलेज ऑटोनॉमस असेल तर सिलॅबस त्यांचा स्वतःचा असतो, मग विद्यापीठ एक असूनही प्रकरण जवळपास बाहेरून आल्यासारखंच होतं.

दुसरा रस्ता म्हणजे दुसऱ्या सरकारी विद्यापीठाचं कॉलेज, घराजवळचं. शिवाजी विद्यापीठ, सोलापूर, नांदेड, जळगाव, अमरावती, गोंडवाना, जे जवळ असेल ते. बहुतेकांचं हेच असतं, माझंही हेच होतं, आणि कागदं सगळ्यात जास्त यातच लागतात.

तिसरा, मुक्त विद्यापीठ. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, इग्नू १९८५ पासून, आणि इग्नूची अॅडमिशन जुलै आणि जानेवारी दोन्ही सायकलला होते. नोकरी करत शिकायचंच असेल तर याच्याइतकं स्वस्त काही नाही. "मुक्तची डिग्री चालत नाही" असं गावात कोणीतरी सांगतंच, पण मान्यता असलेल्या संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन डिग्री ही रेग्युलर डिग्रीच्या बरोबरीची धरायची असं यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. त्या कोर्सला त्या वर्षी मान्यता आहे ना एवढं यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या साइटवर बघून घ्या. इंजिनीअरिंग, मेडिकल, नर्सिंग, फार्मसी, लॉ असले कोर्स मात्र दूरस्थ होत नाहीत, कोणी देतो म्हणाला तर लांब राहा.

प्रोफेशनल कोर्सवाल्यांचं जरा अवघड आहे. इंजिनीअरिंगला कॉलेज बदलणं रिकाम्या जागांवर आणि तंत्रशिक्षण संचालनालयाच्या त्या वर्षीच्या वेळापत्रकावर असतं, तारीख गेली की गेली. बीबीए, बीसीए पण २०२४-२५ पासून एआयसीटीई (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) आणि सीईटी (राज्याची प्रवेश परीक्षा) यांच्या खाली आलेत, त्यामुळे "बीएस्सीतून सरळ बीसीएला जाईन" हे आधीसारखं सोपं राहिलेलं नाही. एमबीबीएसला तर २०२३ च्या नियमावलीत मायग्रेशनलाच बंदी घातली गेली, तिथे कॉलेज बदलण्यापेक्षा स्कॉलरशिप आणि लोन यावरच जोर द्यावा लागतो.

क्रेडिट्स जमा असणं आणि जागा मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी

आता सगळीकडे एबीसी, म्हणजे अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, याची चर्चा असते. यूजीसीने २०२१ मध्ये नियमावली काढली, तुमचं एक खातं असतं, १२ आकडी आयडी, आता त्यालाच अपार आयडी म्हणतात, डिजिलॉकरमधून काढता येतो, आणि युनिव्हर्सिटी तुमचे क्रेडिट्स त्यात टाकते, ते जास्तीत जास्त ७ वर्षं वापरता येतात. कल्पना चांगलीच आहे, आमच्या वेळी हे असतं तर माझ्या अर्ध्या चकरा वाचल्या असत्या.

पण मुलांचा समज असा होतो की खात्यात ४० क्रेडिट्स आहेत म्हणजे कुठेही सेकंड इयरला जाऊन बसायचं. तसं नाहीये. क्रेडिट्स म्हणजे तुम्ही काय शिकून आलात त्याचा पुरावा. जागा देणं हे नवीन कॉलेजात सीट रिकामी आहे का आणि त्यांच्या विद्यापीठाचा पात्रता विभाग (बाहेरून आलेल्यांचे कागद तपासणारा) तुमचे विषय मान्य करतो का यावर आहे.

आणि विषय मान्य होतानाच खरी गंमत होते. आता नवीन शैक्षणिक धोरणाच्या पॅटर्नमध्ये मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह, आणि व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस असे कौशल्य, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान परंपरेचे छोटे पेपर, अशी सगळी टोपली असते. मेजर सहसा जुळतं, केमिस्ट्री ती केमिस्ट्री. पण मायनर तुम्ही कॉम्प्युटर घेतलेला असतो आणि नवीन कॉलेजात मायनरला फक्त गणित किंवा बॉटनी असतं, किंवा त्यांचा एखादा २ क्रेडिटचा पेपर तुमच्याकडे झालेलाच नसतो. मावसभावाचे असे दोन पेपर निघाले, ते त्याला सेकंड इयरसोबत जादा द्यावे लागले, आणि ते आधी कळलं म्हणून त्याला जमलं. असे राहिलेले क्रेडिट्स स्वयम पोर्टलवरच्या (सरकारी ऑनलाइन कोर्सचं पोर्टल, वरची स्वयम योजना वेगळी) कोर्सने भरता येतील का हेही नवीन कॉलेजला विचारा, काही ठिकाणी घेतात, पण कोर्स लावायच्या आधी त्यांची मान्यता घ्या.

अजून एक, २०२१ च्या त्या नियमावलीत डिग्री देणाऱ्या संस्थेतून किमान ५० टक्के क्रेडिट्स मिळवलेले असावेत अशी अट आहे. ३ वर्षांच्या डिग्रीत एक वर्ष करून आलात तर अडचण नाही, २ वर्षं तिकडे करून फक्त थर्ड इयर इकडे करणार असाल तर गणित फसू शकतं. म्हणून माझं सरळ म्हणणं, बदलायचंच असेल तर फर्स्ट इयर संपल्यावर बदला. थर्ड इयरला येऊन ठेपला असाल तर कसंही करून, हप्ते पाडून, उसने घेऊन, तिथेच संपवणं जास्त शहाणपणाचं.

अगदीच शिक्षण थांबवावं लागत असेल, घरी तशीच वेळ आली असेल, तरी अधांतरी सोडून जाऊ नका. नवीन पॅटर्नमध्ये एक वर्ष पूर्ण करून सर्टिफिकेट आणि २ वर्षांनी डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं, त्यासाठी थोडे जादा क्रेडिट्सचं स्किलचं काम करावं लागतं, आणि नंतर परत यायचा रस्ता उघडा राहतो. परीक्षा न देता नुसतं जाणं बंद केलं तर हातात काहीच राहत नाही.

लेखी उत्तर कसं मिळवायचं

माझी पहिली चूक हीच. नवीन कॉलेजच्या ऑफिसात गेले, क्लार्क काका एकदम प्रेमळ होते, म्हणाले "हो हो, होऊन जाईल, मार्कशीट घेऊन ये जूनमध्ये". जूनमध्ये गेले तर काकांची बदली झालेली, आणि नवीन मॅडम म्हणाल्या बाहेरच्या युनिव्हर्सिटीचं विद्यापीठात पाठवावं लागेल, दोन महिने लागतील. तोंडी "होऊन जाईल" याला काही किंमत नाही, सांगणाऱ्याची इच्छा कितीही चांगली असली तरी.

जानेवारी-फेब्रुवारीतच सुरुवात करा, म्हणजे दुसरं सेमिस्टर चालू असतानाच. दोन-तीन कॉलेजं निवडा, प्राचार्यांच्या नावाने अर्ज करा, ईमेलही करा आणि हातानेही द्या, आवक शिक्का मारलेली कॉपी स्वतःकडे ठेवा. अर्जात गोष्ट लांबवू नका. मावसभावासाठी आम्ही साधारण असं लिहिलं होतं:

"मी अमुक विद्यापीठात बीएस्सी प्रथम वर्षात शिकत आहे. घरच्या आर्थिक अडचणीमुळे आपल्या महाविद्यालयात द्वितीय वर्षास प्रवेश घेऊ इच्छितो. पहिल्या सेमिस्टरची गुणपत्रिका व दोन्ही सेमिस्टरचा अभ्यासक्रम सोबत जोडला आहे. कृपया कळवावे की, १) द्वितीय वर्षात अनुदानित तुकडीत जागा उपलब्ध आहे का, २) माझे प्रथम वर्षाचे क्रेडिट्स ग्राह्य धरले जातील का, कोणते विषय जादा द्यावे लागतील, ३) पात्रतेसाठी कोणती कागदपत्रे व किती शुल्क लागेल, ४) प्रवेशाची अंतिम तारीख काय आहे."

सिलॅबस जोडणं फार महत्त्वाचं आहे. नुसत्या मार्कशीटवर विषयाचं नाव असतं, आत काय शिकवलं ते नसतं, आणि समकक्षता बघणाऱ्यांना आतलंच बघायचं असतं. जुन्या विभागाकडून प्रत्येक पेपरच्या सिलॅबसवर सही-शिक्का घ्या, युनिव्हर्सिटीत असतानाच घ्या, नंतर कोणी विचारत नाही.

आठ-दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर जाऊन भेटा. कॉलेज "विद्यापीठ ठरवेल" म्हणालं तर तुम्ही स्वतः विद्यापीठाच्या पात्रता विभागात जा, एक दिवस मोडेल पण तिथे नेमकं कळतं. आणि जे काही सांगतील ते घरी येऊन त्यांना ईमेल करा, "आज आपण असं असं सांगितलंत, माझं बरोबर समजलंय का". त्यावर नुसतं "होय" आलं तरी तो कागद झाला.

एटीकेटी असेल (मागचे पेपर राहिलेले असतील) तर ते लपवू नका. बहुतेक ठिकाणी बाहेरच्या युनिव्हर्सिटीतून येणाऱ्याचे मागचे सगळे पेपर सुटलेले लागतात. म्हणजे बदलायचं ठरवलं त्या दिवसापासून पहिलं काम कागद जमवणं नाहीच, आहेत ते पेपर काढणं.

कागद आणि त्यांचा क्रम

क्रम चुकला की सगळं अडकतं, म्हणून क्रमानेच सांगते.

रिझल्ट लागायच्या आधीच जुन्या ठिकाणी नो ड्यूज (काही देणं बाकी नाही याच्या सह्या) करून घ्या, लायब्ररी, लॅब, होस्टेल, जिमखाना. लहान लहान गोष्टी असतात पण सुट्टीत लॅब असिस्टंट गावाला गेले की एका सहीसाठी पंधरा दिवस जातात. मग सेमिस्टर दोन्हीच्या मार्कशीट, आणि ट्रान्सक्रिप्टसाठी (सगळ्या विषयांच्या मार्कांचा एकत्रित अधिकृत उतारा) अर्ज. डिजिलॉकरमध्ये जाऊन क्रेडिट्स दिसतायत का बघा, दिसत नसतील तर परीक्षा विभागाकडे तक्रार द्या, हे काम तुम्ही करू शकत नाही, युनिव्हर्सिटीलाच करावं लागतं, म्हणून लवकर मागे लागा.

मग नवीन ठिकाणचं लेखी उत्तर किंवा प्रोव्हिजनल अॅडमिशनचं पत्र. हे आलं की मगच जुन्या कॉलेजात टीसीचा अर्ज. माझी दुसरी चूक इथली, मी टीसी आधीच काढली होती, मे महिन्यात, उत्साहात. त्यामुळे जूनमध्ये नवीन मॅडमनी दोन महिने म्हटल्यावर मी ना इकडची ना तिकडची, जुन्या ठिकाणी परत जायचं तर नवीन अॅडमिशन आणि नवीन फी. शेवटी उशिराच्या प्रवेशाची परवानगी काढून ऑगस्टमध्ये बसले वर्गात. त्या दोन महिन्यांत मी नीट जेवलेही नव्हते, म्हणून हे इतकं परत परत सांगतेय.

टीसी कॉलेजकडून मिळते, मायग्रेशन सर्टिफिकेट विद्यापीठाकडून, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मायग्रेशन फक्त विद्यापीठ बदलत असेल तरच लागतं. प्रोव्हिजनल अॅडमिशनच्या वेळी सहसा मायग्रेशनला काही दिवसांची मुदत देतात, ती तारीख लिहून घ्या. याशिवाय दहावी-बारावीच्या मार्कशीट, जातीचा दाखला आणि असेल तर व्हॅलिडिटी, नॉन-क्रिमीलेयर, डोमिसाइल, तहसीलदारांचा चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, आधार, फोटो. मधे वर्ष गेलेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. ओरिजिनल द्यायच्या आधी प्रत्येकाचा रंगीत स्कॅन आणि चार झेरॉक्स.

जुनी संस्था "उरलेल्या वर्षांची फी भर, मगच ओरिजिनल देतो" म्हणाली तर घाबरू नका. माझी बारावीची मार्कशीट अशीच अडकवली होती. यूजीसीची २०१८ ची अधिसूचना सांगते की संस्थेने ओरिजिनल कागद स्वतःकडे ठेवून घ्यायचेच नाहीत, तपासून परत द्यायचे, आणि फीसुद्धा चालू सेमिस्टरची किंवा वर्षाचीच आगाऊ घ्यायची, पूर्ण कोर्सची नाही. आधी शांतपणे लेखी मागा. नाही दिले तर संस्थेच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जा, २०२३ च्या नियमांप्रमाणे ती प्रत्येक संस्थेत असायला हवी, समितीने १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि पटला नाही तर पुढे विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं. यूजीसीचं ई-समाधान पोर्टल पण आहे. मी फक्त त्या अधिसूचनेची प्रिंट जोडून अर्ज दिला, चौथ्या दिवशी मार्कशीट मिळाली.

स्कॉलरशिप आणि लोनवर काय परिणाम होतो

बदलण्यातला खरा फायदा कधीकधी फीपेक्षा इथे असतो. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत, ही अभिमत (डीम्ड) आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठांना लागू नाही. म्हणजे खासगी युनिव्हर्सिटीत असताना जे मिळत नव्हतं ते सरकारी विद्यापीठाच्या कॉलेजात आल्यावर मिळू शकतं. मुलींसाठी तर २०२४-२५ पासून, ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी वगैरे प्रवर्गात आणि ८ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर प्रोफेशनल कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, पण अॅडमिशन कॅपमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून) झालेली हवी. कॉलेज बदलून आलेल्याला हे लागू होईल का ते नवीन कॉलेजच्या स्कॉलरशिप बघणाऱ्या क्लार्कला आधीच विचारा, बाकी कोणाला नको, कारण महाडीबीटीचा (राज्याच्या शिष्यवृत्त्यांचं ऑनलाइन पोर्टल) अर्ज रोज तेच पुढे पाठवतात, त्यांना सगळे खाचखळगे माहीत असतात.

महाडीबीटीवर जुन्या कॉलेजच्या नावाने अर्ज पडून असेल तर तो आधी निकाली काढा, नाहीतर नवीन भरताना अडतं. आधार लिंक असलेलं खातं चालू आहे ना बघा. आणि दोन वर्षांची गॅप पडली तर काही योजनांतून तुम्ही बाहेर जाता, वर्ष वाया घालवू नका म्हणते ते यासाठीही.

लोन घेतलं असेल तर टीसी काढण्याच्या आधी बँकेच्या शाखेत जा. लोन त्या संस्थेच्या, त्या कोर्सच्या नावाने मंजूर झालेलं असतं, आणि बँकेला न सांगता सोडलंत तर त्यांच्या कागदावर तुम्ही "शिक्षण सोडलेले" होता, मग हप्ते लगेच सुरू होऊ शकतात. केंद्राच्या व्याज सवलत योजनेत तर मध्येच कोर्स सोडणाऱ्याला, आजारपणाचं कारण सोडून, सवलत मिळत नाही. पीएम विद्यालक्ष्मीचं लोन ठरावीक यादीतल्या संस्थांनाच असतं, नवीन कॉलेज त्या यादीत नसेल तर पुढचं तिथून मिळणार नाही. नवीन कॉलेजचं पत्र, नवीन फीचं स्ट्रक्चर आणि अर्ज घेऊन मॅनेजरना भेटा, उरलेली रक्कम कमी करून घ्या आणि झालेला बदल लेखी घ्या. फी कमी होतेय म्हणजे बँकेचाही धोका कमी होतोय, त्यामुळे हे काम वाटतं तितकं अवघड जात नाही.

भरलेले पैसे परत

पुढच्या वर्षाची फी भरली असेल आणि मग बदलायचं ठरलं तर कॅन्सलेशनचा अर्ज लगेच, त्याच दिवशी द्या. यूजीसीचं २०१८ चं कोष्टक प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेवरून चालतं: १५ किंवा जास्त दिवस आधी अर्ज दिला तर १०० टक्के, त्याहून कमी दिवस आधी ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, १६ ते ३० दिवस ५० टक्के, आणि ३० दिवसांनंतर शून्य. मधल्या काही वर्षांत यूजीसीने याहून मुलांच्या बाजूने सवलत दिलीये, तर चालू वर्षाचं परिपत्रक शोधून बघा. हे मुख्यतः नवीन प्रवेशासाठी आहे, सेकंड इयरच्या फीचं संस्था हुज्जत घालतात, म्हणून सर्वात उत्तम म्हणजे ठरेपर्यंत भरूच नका. डिपॉझिट मात्र, लायब्ररी, लॅब, होस्टेल, हे तुमचंच आहे, पावत्या जोडून मागा.

अॅडमिशन झाल्यावर लगेच

अॅडमिशन झाली की मुलं सुटकेचा श्वास सोडतात आणि पात्रतेचं विसरतात. प्रोव्हिजनल पात्रता कायम झाली का, नवीन पीआरएन आला का, हे महिन्याभरात ऑफिसात विचारा. परीक्षेचा फॉर्म भरताना जादा द्यायचे पेपर त्यात दिसतायत का बघा, दिसत नसतील तर त्याच दिवशी परीक्षा विभागात. नवीन युनिव्हर्सिटी तुमच्या एबीसी खात्याला जोडली गेलीये का तेही.

वर्गात पहिले काही आठवडे परकं वाटतं, ग्रुप ठरलेले असतात, शिक्षकांच्या पद्धती वेगळ्या असतात. प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये एका तरी मुलाशी किंवा मुलीशी ओळख करून मागच्या वर्षीचं जर्नल आणि नोट्स घ्या, इंटर्नलचे मार्क कसे देतात ते विचारून ठेवा, कारण बाहेरून आलेल्याचे मार्क सगळ्यात जास्त तिथेच जातात.

आणि थर्ड इयरच्या शेवटच्या सेमिस्टरचा फॉर्म भरायच्या आधी एकदा परीक्षा विभागात जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघा की जुन्या युनिव्हर्सिटीचे क्रेडिट्स तुमच्या नावावर चढलेत आणि सीजीपीए त्यांनी कसा धरलाय. माझे पहिल्या वर्षाचे मार्क चढलेच नव्हते, फाइल पात्रता विभागातून परीक्षा विभागात गेलीच नव्हती, आणि ते मला फेब्रुवारीत कळलं म्हणून जूनच्या निकालात माझं नाव आलं.